घाटात मोटर तापते, पण निर्णय पायथ्याशीच घ्यावा लागतो

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुमच्याकडे इलेक्ट्रिक तीनचाकी मालवाहू गाड्या आहेत. नाशिकमधून किराणा, नारळ, पूजेचं साहित्य भरून त्या दिंडोरी-वणीमार्गे नांदुरीला जातात आणि तिथून सप्तशृंगी गडावर चढतात. नांदुरीपर्यंत काही तक्रार नसते. घाट सुरू झाला की काही मिनिटांतच मीटरवर कासव (जोर कमी केल्याची खूण) दिसतं, जोर निम्म्यावर येतो आणि ड्रायव्हर गाडी कडेला घेतो. मेकॅनिकने मोटरचा टेम्परेचर सेन्सर बदलून पाहिला, बाहेरून डीसी फॅन बसवला, फरक नाममात्र. आता कोणीतरी सुचवलंय की तापमानाचा आगाऊ अंदाज घेणारं सॉफ्टवेअर कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्यात, टाकलं की प्रश्न मिटेल. चैत्रोत्सवाच्या आत ते करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी अंबडला मोटर आणि कंट्रोलरच्या टेस्टिंगमध्ये काम करतो. गाडी तापते म्हणून आलेल्या बऱ्याच केसेस पाहण्यात आल्या आहेत. त्यावरून सांगतो की आगाऊ अंदाज घेणं ही खरोखर कामाची गोष्ट आहे. पण त्याचा फायदा घाटाच्या मध्यावर जवळजवळ शून्य असतो आणि नांदुरीच्या फाट्यावर खूप असतो. हे असं का, ते समजलं की सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

बऱ्याच गोष्टी तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगायला हवं. मोटर चाकाच्या हबमध्ये आहे की चेसिसवर बसवलेली, हवेने थंड होते की कूलंटने, सेन्सर वाइंडिंगमध्ये (मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत) पुरलेला आहे की मोटरच्या बॉडीवर चिकटवलेला, कंट्रोलरची सेटिंग्ज उघडता येतात की कंपनीने बंद केलीत, गाडी वॉरंटीत आहे का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून मी एक नमुन्याची गाडी धरून हिशेब करतो. आकडे माझे गृहीत आहेत, तुमचे थोडे वेगळे येतील. पण त्यांची चाल तीच राहील.

भरलेली गाडी १००० किलोची धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाताना टायरचा रोध आणि हवेचा रोध मिळून साधारण २२० न्यूटन ओढ लागते. तीच गाडी ८ टक्के चढावर ताशी २० ने नेली तर एकट्या चढाचीच ओढ ७८५ न्यूटन होते, आणि सगळं मिळून ९४० च्या आसपास जातं. म्हणजे जोर सव्वाचारपट झाला. मोटरमधला करंट जोराच्या प्रमाणात वाढतो, पण वाइंडिंगमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सव्वाचारचा वर्ग अठरा. सपाटीच्या तुलनेत घाटात तांब्यामध्ये अठरापट उष्णता तयार होते, आणि गाडीचा वेग मात्र निम्मा झालेला असतो. नांदुरीपर्यंत गाडी कुरकुरत नाही आणि पुढे लगेच दम टाकते, त्याचं पहिलं कारण हे आहे.

आता ही उष्णता जाते कुठे ते पाहू. आपल्या नमुन्याच्या मोटरमध्ये ३ किलो तांबं आहे आणि पूर्ण मोटर २० किलोची आहे. तांब्याचं वजन कमी, त्यामुळे ते पटकन तापतं. त्यातली उष्णता स्लॉटमधलं इन्सुलेशन आणि लोखंड ओलांडून बॉडीपर्यंत येते आणि मग बॉडीच्या फिन्सवरून (बाहेरच्या पातळ पट्ट्यांवरून) हवेत जाते. असे दोन टप्पे आहेत आणि दोघांची चाल पूर्णपणे वेगळी आहे. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला फरक दीड-दोन मिनिटांत बराचसा प्रस्थापित होतो. बॉडी स्वतः तापायला वीस मिनिटं घेते. मी वाइंडिंग ते बॉडी दर वॅटला ०.०८ अंश आणि बॉडी ते हवा दर वॅटला ०.१२ अंश असा उष्णतेच्या वाटेतला रोध धरतो. या आकाराच्या हवेने थंड होणाऱ्या मोटरला ते शोभतात.

घाटात मोटरमध्ये ६०० वॅट उष्णता तयार होतेय, बाहेर ४० अंश आहे आणि सपाटीवरून येताना बॉडी ६५ च्या घरात आहे, असं धरा. पंधरा मिनिटं चढल्यावर बॉडी साधारण ९० वर जाते आणि वाइंडिंग तिच्या वर ४८ अंश, म्हणजे १३८ वर. कंट्रोलरची मर्यादा १४० ला लावलेली असेल तर गाडी काठावर का होईना, तो चढ पार करते.

आता याच गाडीत माल असा भरा की एकूण वजन ३० टक्क्यांनी वाढेल. जोर १.३ पट, उष्णता जवळजवळ १.७ पट, म्हणजे हजार वॅट. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला फरक आता ४८ नाही तर ८० अंशांकडे धावतो, आणि तो टप्पा जलद आहे. हिशेब केला तर वाइंडिंग १४० ला पोहोचायला पंधरा मिनिटं लागत नाहीत, दोन मिनिटं आणि वर काही सेकंद पुरतात. त्या क्षणी बॉडी अजून पंचाहत्तरच्याच आसपास असते. वजन तीस टक्के वाढलं आणि हाताशी असलेला वेळ सातवा हिस्सा राहिला. तुमच्या ‘काही मिनिटांतच’ या शब्दांवरून मला पहिला संशय इथेच येतो. आरसी बुकातलं कमाल वजन आणि प्रत्यक्ष भरलेलं वजन, दोन्ही एकदा वजनकाट्यावर तपासा. नारळाची पोती नजरेने मोजली की हमखास कमी धरली जातात.

तुमच्या फॅनने फरक का पडला नाही, तेही यातूनच कळतं. फॅन दुसऱ्या टप्प्यावर काम करतो, बॉडी ते हवा. चांगला ब्लोअर, फिन्सवरून नीट वाहणारा, तो रोध ०.१२ वरून ०.०८ वर आणेल असं धरा. नेमून दिलेल्या वजनावर त्याचा फायदा चांगला आहे: पंधरा मिनिटांनी वाइंडिंग १३८ ऐवजी १२६. पण ओव्हरलोड गाडीत १४० ची वेळ दोन मिनिटांवरून जेमतेम तीनवर जाते, कारण अडलेली उष्णता तांबं आणि बॉडी यांच्यामध्ये अडलेली असते. तिथे फॅनची हवा पोहोचत नाही. हब मोटर असेल तर परिस्थिती आणखी अवघड होते. तिथे वाइंडिंग आतल्या स्थिर भागावर असतं आणि उष्णतेला एकतर हवेची फट ओलांडून बाहेरच्या खोळीकडे जावं लागतं किंवा बारीक शाफ्टमधून.

दुसरी समजूत जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यात पक्की असते, ती म्हणजे गाडी तापतेय तर हळू चढव. डिझेल गाडीच्या सवयीतून ती आली असावी. इलेक्ट्रिक मोटरला ती लागू पडत नाही. चढाची ओढ वेगावर ठरत नाही, वजन आणि उतारकोनावर ठरते. ताशी १५ ने गेलात तरी जोर तोच, करंट तोच, दर सेकंदाला तांब्यातली उष्णताही तीच. फक्त ती जास्त वेळ चालू राहते. नमुन्याचा पाच किलोमीटरचा चढ ताशी १५ ने वीस मिनिटांचा होतो, २५ ने बारा मिनिटांचा. माझ्या नमुन्याच्या गाडीत २५ ने वाइंडिंग १३४-१३५ वर थांबतं, २० ने १३८ वर, आणि १५ ने १४३ वर जातं. म्हणजे हळू जाणारी गाडीच कासव दाखवते. अर्थात याला वरची मर्यादा आहे. मोटर ज्या वेगापर्यंत पूर्ण जोर सहज देते त्याच्या पुढे कंट्रोलरला जादा करंट खर्च करावा लागतो, बॅटरीवरही भार येतो, आणि वळणावर सुरक्षितता सगळ्यात आधी. म्हणून ‘पळवा’ असं मी म्हणत नाहीये. एकसारख्या मध्यम वेगाने, पुन्हा पुन्हा न थांबता चढा.

थांबण्यावरून एक गोष्ट ड्रायव्हरला आजच सांगा. चढावर पुढे गाडी अडली की काही जण ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात. मोटर फिरत असते तेव्हा करंट तिन्ही फेजमध्ये, म्हणजे वाइंडिंगच्या तीन भागांत, आळीपाळीने वाटला जातो. मोटर जागेवर थांबली की तो वाटला जात नाही. रोटर (मोटरचा फिरणारा भाग) अमुक स्थितीत अडला तर एका फेजवर शिखर करंट सतत राहतो आणि त्या फेजमध्ये नेहमीच्या दुप्पट उष्णता तयार होते. कंट्रोलरमधल्या त्याच फेजच्या मॉस्फेटवरही (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) तोच भार येतो. वाइंडिंगला तापायला मिनिट लागतं, मॉस्फेटच्या आतल्या सिलिकॉनला सेकंदाचा भागसुद्धा पुरतो. हँडब्रेक ओढा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे आगाऊ अंदाज. सेन्सर काय सांगतो? आत्ता या ठिकाणी किती तापलंय ते, आणि तेही उशिराने, कारण तो तांब्यातल्या सगळ्यात तापलेल्या जागी क्वचितच असतो. करंट मात्र पुढचं सांगतो. आत्ता इतका करंट वाहतोय, त्याचा वर्ग गुणिले वाइंडिंगचा रोध म्हणजे इतके वॅट, इतक्या वॅटने पुढच्या साठ सेकंदांत तांबं इतके अंश चढणार. कंट्रोलरमध्ये हा दोन टप्प्यांचा हिशेब सतत चालवायचा आणि सेन्सरच्या वाचनाने त्याला दुरुस्त करत राहायचं. बाजारात अंदाज घेणारी यंत्रणा म्हणून जे विकलं जातं त्याचा गाभा इतकाच असतो. त्यात चांगल्या प्रतीचं काम असेल तर तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो हेही धरलेलं असतं. दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के, म्हणजे २० अंशांवरून १४० वर जाताना रोध जवळजवळ ४७ टक्के वाढतो. माझ्या वरच्या साध्या हिशेबात मी हे वेगळं धरलेलं नाही, म्हणजे खरी गाडी त्याहून थोडी लवकर तापेल.

रोटरमधल्या चुंबकांचाही हिशेब त्यात हवा. निओडायमियम चुंबक दर अंशाला सुमारे ०.११ ते ०.१२ टक्के ताकद गमावतो. तो १०० अंशांनी तापला तर तेवढ्याच जोरासाठी करंट बारा-तेरा टक्के जास्त लागतो, म्हणजे उष्णता पाव हिश्शाने जास्त. तापलं म्हणून करंट वाढला, करंट वाढला म्हणून आणखी तापलं, असं ते चक्र आहे. फिरत्या रोटरवर तार नेऊन सेन्सर बसवणं व्यवहारात जमत नाही, त्यामुळे चुंबकाचं तापमान हे हिशेबानेच काढावं लागतं.

मग कंट्रोलरला कळलं की ९० सेकंदांनी मर्यादा येणार आहे, तर तो करणार काय? जोर कमी करेल. पण चढावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला जेवढा जोर लागतो तेवढा लागतोच. त्याच्या खाली आणला तर वेग उतरत जाऊन गाडी थांबते. जोर कमी करून फक्त वेग वाढवण्यासाठी लागणारा वरचा भाग वाचवता येतो. वळणातून बाहेर पडताना ड्रायव्हर जोरात पिळतो तेवढा. तो वाचवणं चांगलंच आहे, धक्का न देता हळूहळू जोर उतरवणंही ड्रायव्हरच्या दृष्टीने सुरक्षित आहे. पण वजन आणि चढ यांची बेरीजच मोटरच्या झेपेबाहेर असेल तर घाटाच्या मध्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरला करण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून अंदाज पायथ्याशी हवा. कंट्रोलरकडे तिथे सगळी माहिती असते. सपाटीवर गाडी उठताना मोटरने किती जोर लावला आणि वेग किती झपाट्याने वाढला यावरून गाडीचं वजन ढोबळपणे, पण कामापुरतं निघतं. रस्ता ठरलेला असेल तर चढ किती आणि किती लांब हे एकदा नोंदवून ठेवता येतं. आत्ता बॉडी किती तापलीय हे सेन्सर सांगतो, बाहेरची हवा किती हे दुसरा सेन्सर. या चार गोष्टींवरून गडावर पोहोचेपर्यंत वाइंडिंग कुठे जाईल हे पायथ्याशीच काढता येतं. मर्यादेच्या आत बसत असेल तर पंखा आधीच पूर्ण वेगाने सुरू करायचा आणि निघायचं. थोडं बाहेर जात असेल तर थांबून निघायचं. खूप बाहेर जात असेल तर माल कमी करायचा.

कसारा घाटात रेल्वे हेच करत आली आहे. तिथला चढ १ ला ३७, म्हणजे २.७ टक्के. चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं जोडतात, गाडी मध्ये अडकल्यावर नव्हे. वजन माहीत, चढ माहीत, मोटरची ताकद माहीत, निर्णय खालच्या स्टेशनवर. आपल्या नाशिकरोडला एकलहऱ्याला रेल्वेचा ट्रॅक्शन मशीनचा कारखाना आहे. अशा ट्रॅक्शन मोटरला परंपरेने दोन रेटिंग असतात, एक सतत चालवण्याचं आणि एक तासाभराचं. तुमच्या गाडीच्या माहितीपत्रकात ठळक छापलेली असते ती बहुधा शिखर पॉवर, जी मोटर थोड्याच वेळापुरती देऊ शकते. आपल्याकडच्या एआयएस-०४१ मानकात ३० मिनिटांची कमाल पॉवर मोजण्याची पद्धत ठरवलेली आहे. डीलरकडे तो आकडा मागा. घाटासाठी तोच कामाचा. माझ्या नमुन्याच्या गाडीला ताशी २० ने चढायला चाकावर ५.२ किलोवॅट लागतात. तीस मिनिटांची पॉवर त्याच्या खाली असेल तर ती गाडी त्या वजनाने त्या घाटासाठी नाहीच.

पायथ्याशी थांबल्याने किती फायदा होतो, हेही अपेक्षा वाढू नयेत म्हणून सांगतो. पंधरा मिनिटं थांबलात तर बॉडी ६५ वरून ५० च्या आसपास येते. नेमून दिलेल्या वजनाने चढल्यावर शेवटी वाइंडिंग सहा-एक अंशांनी कमी राहतं. काठावरच्या गाडीला सहा अंश पुरतात. ओव्हरलोड गाडीला त्याने एखादं जास्तीचं मिनिट मिळतं. याउलट एकूण वजन १५ टक्के कमी होईल इतका माल कमी भरला तर शेवटचं तापमान १३८ वरून ११४ च्या आसपास येतं. सगळे उपाय शेजारी ठेवले तर वजनाइतका मोठा फरक दुसरा कोणताच उपाय करत नाही, कारण तिथे वर्ग तुमच्या बाजूने काम करतो.

तुमच्या कंट्रोलरची सेटिंग्ज बंद असली तरी अंदाज तुम्ही बाहेरूनही घेऊ शकता, आणि मी तरी सुरुवात तिथूनच करेन. बऱ्याच कंट्रोलरमधून ब्लूटूथ अ‍ॅपवर किंवा कॅन लाइनवरून (गाडीतल्या माहिती वाहणाऱ्या तारेवरून) फेज करंट, वेग आणि मोटरचं तापमान दर सेकंदाला नोंदवता येतं. गडाची एक पूर्ण फेरी नोंदवा, रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही. वर पोहोचल्यावर गाडी सावलीत उभी करा, नोंद चालू ठेवा आणि थंड होताना पाहा. थांबल्यावर पहिली एक-दोन मिनिटं बॉडीवरचा आकडा उलट वाढेल. सेन्सर बिघडलेला नाही, तांब्यातली साठलेली उष्णता बाहेर येतेय. मग तो उतरू लागेल. हवेपेक्षा जितकं जास्त होतं त्याच्या ३७ टक्क्यांवर यायला जितका वेळ लागला तो तुमच्या बॉडीचा काळ, उभ्या गाडीतला. चालत्या गाडीत हवा लागत असल्याने तो थोडा कमी येतो. एवढ्यावर एक्सेलमध्ये दोन रकाने पुरतात: नवं तापमान म्हणजे जुनं तापमान अधिक (आत आलेली उष्णता वजा बाहेर गेलेली उष्णता) भागिले उष्णता धरून ठेवायची क्षमता. तांब्याला किलोमागे ३८५ ज्यूल प्रति अंश आणि लोखंडाला ४६० च्या आसपास धरा. हिशेब आणि नोंद जुळेपर्यंत दोन्ही रोध थोडे थोडे बदलत जा. जुळले की या गाडीत आज एवढा माल घालून गडावर जाता येईल का, हे सकाळी निघतानाच कळेल.

या नोंदीचा आणखी एक मोठा उपयोग मला कामात नेहमी होतो. महिन्याभरापूर्वी जुळणारा हिशेब आणि आजची नोंद यांत अंतर पडायला लागलं तर गाडीत काहीतरी बदललंय. फिन्समध्ये पावसाळ्यातला चिखल वाळून बसलाय, पंख्याची मोटर मंदावलीय, कंट्रोलर आणि हीटसिंक यांच्यातली थर्मल पेस्ट सुकलीय. बिघाड व्हायच्या आधी तो दिसतो.

ही सगळी मेहनत करण्याआधी काही साध्या गोष्टी तपासून घ्या, कारण त्यांच्यापैकी एक जरी निघाली तरी हिशेब बदलतो. टायरमध्ये हवा पुरेशी आहे का. ब्रेक सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरतं का, की ड्रमला घासतंय. मोटरच्या तीन जाड तारांचे लग (टोकाचे जोड) कंट्रोलरवर घट्ट आहेत का. सैल लग स्वतःच तापतो आणि जवळच्या सेन्सरला फसवतो. तो सहसा रंग बदललेल्या स्लीव्हवरून ओळखू येतो. आणि मोटर कधी उघडून पुन्हा बसवली असेल तर एन्कोडरचा (रोटरची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा) ऑफसेट जरूर तपासायला सांगा. रोटर नेमका कुठे आहे हे कंट्रोलरला तीस विद्युत अंशांनी चुकीचं कळत असेल तर साध्या चुंबकी मोटरमध्ये तेवढ्याच जोरासाठी पंधरा टक्के जास्त करंट लागतो, म्हणजे उष्णता तेहतीस टक्के जास्त. सपाटीवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या ताफ्यातली एकच गाडी जास्त कासव दाखवत असेल तर मी पहिल्यांदा हेच पाहीन. सगळ्याच दाखवत असतील तर वजन.

आता एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगतो. सेन्सर काढून त्या जागी ठराविक किमतीचा रेझिस्टर लावून देणारे लोक आहेत. कंट्रोलरला कायम थंड मोटर दिसते, कासव दिसत नाही आणि गाडी त्या दिवशी गडावर जाते. हे करू नका आणि कुणी केलं असेल तर आजच काढा. वाइंडिंगचं इन्सुलेशन क्लास एफ असेल तर त्याची मर्यादा १५५ अंश आहे, क्लास एचची १८०. मर्यादेच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. चुंबकांच्या प्रतीही तापमानावरून ठरतात. साधी एन प्रत ८० अंशांपर्यंत, एच १२०, एसएच १५०. मर्यादा ओलांडून वर मोठा करंट दिला तर चुंबकाची ताकद कायमची जाते. मोटर जळत नाही, वास येत नाही, बाहेरून काही दिसत नाही. फक्त त्या दिवसापासून ती गाडी सपाटीवरसुद्धा जास्त करंट घेते, रेंज कमी देते आणि प्रत्येक घाटात आधीपेक्षा लवकर तापते. दुरुस्ती म्हणजे रोटर बदलणं.

बॅटरीचं वेगळं आहे. वाइंडिंगचा काळ मिनिटांत, बॅटरी पॅकचा काळ तासांत. गडावर पोहोचेपर्यंत पॅक फार तापणार नाही, पण दुपारी खाली आल्यावर तो गरम असतो आणि लगेच चार्जिंगला लावला तर त्यात भर पडते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगची वरची मर्यादा बहुधा ४५ अंश असते, डिस्चार्जची ६०. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीत ४५ सहज गाठले जातात. दिवसाच्या दोन फेऱ्या असतील तर पहिली पहाटे काढा, चार्जिंग सावलीत आणि थोडं थांबून. २०२२ मध्ये वाहनांना आगी लागल्यानंतर एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ या मानकांत बॅटरीसाठी कडक सुधारणा झाल्या. त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. तुमच्या गाड्या त्याआधीच्या असतील तर पॅक उघडून कुणालाही काही ‘अपग्रेड’ करू देऊ नका.

मोटरची रेटिंग साधारणपणे ४० अंश हवा आणि समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीपर्यंत धरून दिलेली असते, हेही लक्षात असू द्या. गड त्याच्या वर आहे आणि चैत्रात डांबराला लागून असलेली हवा ४० हून जास्त असते. उंचीचा परिणाम किरकोळ, हवेच्या तापमानाचा मात्र थेट: हवा पाच अंश जास्त तर वाइंडिंगही शेवटी जवळजवळ तितकंच वर सरकतं. फेब्रुवारीत काठावर जमलेली गाडी एप्रिलमध्ये जमणार नाही.

तर सॉफ्टवेअर घ्यायचं का? गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाकडून फर्मवेअर (कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) बदलून घेऊ नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे त्यांची नवी आवृत्ती आहे का ते विचारा. वॉरंटी संपलेली असेल आणि विकणारा तयार यंत्रणा घेऊन आला असेल तर त्याला तीन गोष्टी विचारा. तुमचा हिशेब वाइंडिंगचा आणि बॉडीचा वेगळा धरतो का? गाडीचं वजन आणि पुढचा चढ त्यात येतो का? आणि पायथ्याशी ड्रायव्हरला काय सांगतो? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो तुम्हाला कासव थोडं उशिरा दाखवणारी मर्यादा विकतोय. ती तुमची चुंबकं खर्च करून मिळते.

चैत्रोत्सवाला वेळ कमी असेल तर क्रम असा ठेवा: आधी वजनकाटा, मग टायर-ब्रेक-लग, मग फिन्स साफ करून फॅनला पत्र्याची खोळ, म्हणजे हवा फिन्सच्या मधूनच जाईल, आणि नोंद चालू. एका गाडीची एक भरलेली आणि एक रिकामी फेरी नोंदवून इथे टाका. त्यात फेज करंट, वेग, मोटरचं तापमान, त्या वेळची हवा आणि काट्यावरचं वजन असू द्या. मोटरवरच्या माहितीच्या पट्टीचा आणि सेन्सर जिथे बसलाय त्याचा फोटोही टाका. त्यावरून दोन्ही रोध काढून देईन आणि तुमच्या गाडीत नांदुरीहून किती किलो घेऊन निघायचं तो आकडा ठरवू.